मामांचा आवाज सहा घरांत

माझे मामेसासरे उभ्या आयुष्यात कोणाशीही हळू आवाजात बोललेले नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगू शकते, कारण त्यावर ते "खरंय, सूनबाई!" असं म्हणतील आणि तेसुद्धा खाली वॉचमनला ऐकू जाईल. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. तिथे मशिनांच्या घरघराटात शेजारच्याकडे तंबाखू मागायची तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. मामा रिटायर झाले, आवाज काही झाला नाही. माझ्या सासूबाई म्हणजे त्यांची बहीण, राहायला कल्याणला. मामांनी डोंबिवलीहून तिला फोन लावायला घेतला की मामी म्हणायच्या, "फोन कशाला? गॅलरीत उभे राहा, जाईल ऐकू." मला बघायला आले होते तेव्हा मामा माझ्या नवऱ्याच्या कानात कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले, "मुलगी छान आहे रे, पण बाप तिरसट दिसतो." तिरसट बाप समोरच पोह्यांची बशी घेऊन बसला होता. सगळ्यांनी आपापल्या बशीत डोकं खुपसलं. मग बाबाच हसत सुटले, म्हणाले, "माणूस ओळखता हो तुम्ही!" आणि लग्न ठरलं. तेव्हा माझा संसार मामांच्या आवाजावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

अशा माणसाच्या हाती बोलून चालवायचा स्पीकर देऊ नये, हे शहाणपण आम्हाला उशिरा सुचलं. दिवाळीत सोसायटीतल्या अकरा घरांनी मिळून एकाच कंपनीचे स्पीकर मागवले. त्यात मामांचं घर होतं आणि समोरच्या बिल्डिंगमधलं आमचंही. त्या यंत्राला कंपनीने एका मुलीचं नाव ठेवलंय, ते घेतलं की ते जागं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. न जाणो, तुम्ही हे मोठ्याने वाचायला घ्याल आणि घरात नसता गोंधळ व्हायचा. मामांनी मात्र त्या नावापुढे लगेच 'ताई' जोडलं. परक्या बाईला नुसतं नावाने हाक मारायची नाही, आणि अरेतुरे तर नाहीच. "ताई, जरा भूपाळी लावा!" सकाळी साडेसहाला, गॅलरीच्या दाराशी, छातीत हवा भरून. आमच्या दोन बिल्डिंगींच्या मधे म्हणाल तर एक स्कूटर कशीबशी वळते. त्यात उकाड्याचे दिवस, सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. मामांची ताई उठायच्या आत समोरच्या सहा घरांतल्या ताया उठल्या! आमच्या खालच्या मजल्यावरच्या कर्णिक काकूंकडे जावई हॉलमध्ये झोपला होता. त्याच्या उशाशी भूपाळी सुरू झाली आणि तो उठून नमस्कार करून बसला. काकू तणतणत गॅलरीत आल्या, "मामा, आमच्याकडे लागलं हो!" मामांना वाटलं, काकूंना आवडलं. त्यांनी खूश होऊन फर्मावलं, "ताई, आवाज वाढवा!"

वाढला. सगळीकडे वाढला.

मामांना अपराधी वाटायचं नाही असं नाही. ते दुपारी काकूंकडे जाऊन मनापासून माफी मागायचे, पण ती माफी आम्हाला वरच्या मजल्यावर ऐकू यायची. कहर झाला तो बीपीच्या गोळीचा. मामी रोज आठवण करून देऊन थकल्या होत्या. एक दिवस मामांनी ते काम ताईंकडे सोपवलं, "ताई, रोज सकाळी आठ वाजता गोळीची आठवण करून द्या!" दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला मी डबे भरत होते, तर माझ्या फ्रिजवरून आवाज आला, "गोळी घ्यायची वेळ झाली." खालून कर्णिक काकूंकडून तेच, बाजूच्या घरातून तेच. सहा घरं एका माणसाच्या बीपीची काळजी करत होती. काकू गॅलरीतून ओरडल्या, "मामा, घेतली का गोळी? आणि उद्याच काढून टाकते मी ही आठवण, सांगून ठेवते!" "घेतली, घेतली!" मामा तिकडून गरजले. मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. मीसुद्धा नवऱ्याला दर आठवड्याला सांगायची, "बंद कर रे बाबा ते एकदाचं." तो हो म्हणायचा आणि ऑफिसला पळायचा.

पावसाळा सरता सरता मामांचा आवाज बसला. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता घोगरा आवाज. सुंठ झाली, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. महिना झाला तरी सुटेना. एका सकाळी त्यांनी ताईंना तीनदा हाक मारली आणि तिसऱ्या वेळी नुसती हवा बाहेर आली. त्यांच्या घरातली ताईसुद्धा उठली नाही. मी खाली दूध घ्यायला आले होते, तिथून मला ते दिसत होते. गॅलरीच्या दाराची चौकट धरून उभे होते. असे मामा मी कधी पाहिले नव्हते.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढू, तपासायला पाठवू, मग बोलू. ऑपरेशन झालं, आणि तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यावर मामी म्हणाल्या, "त्याची काळजी नको, ते त्यांना येतच नाही." पण रिक्षात त्यांनी मामांचा हात सोडला नाही.

मी त्यांना एक पाटी आणून दिली. तर मामा पाटीवरही ओरडायचे! एवढी मोठी अक्षरं की 'चहा हवा' एवढ्यात पाटी भरायची. ताईंचा ताबा आता मामींकडे आला. चाळीस वर्षं ज्यांना घरात बोलायला जागा मिळाली नव्हती त्या मामी पदराला हात पुसत हळूच म्हणायच्या, "ताई, भूपाळी," आणि ताई पहिल्या हाकेला हजर. मामा थक्क होऊन बघत बसायचे. एका संध्याकाळी मामी देवापाशी दिवा लावत होत्या, तेव्हा त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. पहिल्यांदाच अक्षरं बारीक होती. 'सूनबाई, वेगळाच आवाज आला तर ताई ओळखतील का?' मी म्हटलं, "न ओळखायला काय झालं? आम्ही आहोत ना ओळखायला!" आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर कागद वाचत होते तेवढा वेळ मला नवऱ्याचं मनगट इतकं आवळावं लागलं की त्याला वळ उठले. डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ होती. काळजीचं काही नाही." मामांनी छातीत हवा भरली. डॉक्टरांनी घाईघाईने बोट वर केलं, "आजोबा, अजिबात नाही!" मामांनी तोंड मिटलं, पाटी घेतली आणि खडू मोडेपर्यंत जोर लावून लिहिलं, 'पेढे!' सुटलो बाई एकदाचे! घरी येताना मी रिक्षावाल्यालासुद्धा पेढा दिला, आणि देताना वेड्यासारखी हसत होते.

मौन सुटलं त्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आवाज परत येईल, पण पूर्वीचा नाही, आणि ओरडणं आता कायमचं बंद. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ताईंसमोर बसले. मामींनी गॅस बंद केला. "ताई," मामा म्हणाले. बारीक, जरासा खरखरीत आवाज, कोणी दुसरंच बोलतंय असा. "जरा भूपाळी लावा." क्षणभर काही नाही. मग ताईंचा दिवा लागला आणि भूपाळी सुरू झाली. एकाच घरात. मामांनी डोळे पुसले आणि गॅलरीत जाऊन समोर बघितलं. समोरच्या सहाही खिडक्या गप्प होत्या. काकू कठड्याला टेकून उभ्या होत्या. "मामा," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नाही लागलं हो आज." सूर तक्रारीचाच होता.

तेवढ्यात आठ वाजले. मामांच्या ताई म्हणाल्या, "गोळी घ्यायची वेळ झाली." मग समोरून काकूंची, वरून आमची, बाजूची, त्याच्या पलीकडची, एकेक करत सगळ्या म्हणाल्या. म्हणजे इतक्या महिन्यांत ती आठवण कोणीच काढून टाकली नव्हती. "मामा, गोळी!" काकू ओरडल्या. मामांनी सवयीने छाती भरली, मग डॉक्टरांचं बोट आठवलं असावं. "घेतो," ते म्हणाले, इतकं हळू की बाजूला उभ्या असलेल्या मलाच ऐकू आलं.

मग मीच कठड्यावर वाकले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "घेतायत हो, काकू, घेतायत!"