साडीत गुंडाळलेली बंदूक

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी गावचे पोलीस पाटील नोटीस घेऊन घरी आले. निवडणूक लागली होती, आणि ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती ठाण्यात जमा करावी, असं त्यात लिहिलं होतं. नाव बाबांचं. नोटीस कुणाच्या हातात द्यावी ते पाटलांना कळेना. बराच वेळ ते ओट्यावर तशीच धरून बसले. शेवटी मीच उठून घेतली.

बाबा फौजेतून निवृत्त झाल्यावर एका बँकेच्या दारात पहाऱ्यावर होते. बारा बोअरची एकनळी बंदूक त्यांची स्वतःची, आणि ती होती म्हणूनच नोकरी मिळाली होती. माझं आणि भावाचं शिक्षण तिच्यावर झालं. तिचा आवाज मात्र मी जन्मात कधी ऐकला नाही.

"पुण्यानुमोदन होऊ द्या, मंग नेऊन द्या," पाटील म्हणाले. आईने तर ठरवूनच टाकलं होतं की श्रद्धांजलीच्या त्या कार्यक्रमाआधी बाबांची एकही वस्तू घराबाहेर जाणार नाही. परवाना ज्याचा तोच गेला, म्हणजे बंदूक घरात ठेवणंही आता बेकायदा, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

फ्रेमसाठी फोटो शोधू लागलो तर बाबांचा एकट्याचा, सरळ समोर बघणारा फोटो घरात एकच निघाला. तो परवान्याच्या पुस्तकात चिकटवलेला. लग्नाकार्यातल्या फोटोंत ते कायम मागच्या रांगेत, अर्धे कुणाच्या तरी खांद्याआड. भावाने ते पुस्तकच दुसरबीडच्या फोटोवाल्याला नेऊन दिलं. फ्रेम आली, हार घातला, बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. मी नोकरीच्या गावाहून, नांदुऱ्याहून, आल्यापासून नुसता चहा करत होते. कोणी डोक्यावरून हात फिरवला तरी मला काही वाटत नव्हतं. पुस्तक फोटोवाल्याकडेच राहिलं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बंदूक तिच्या जुन्या साडीत गुंडाळून दिली. भाऊ मोटारसायकल चालवत होता, मी मागे, आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी बंदूक. त्याची पोलीस भरती चालू होती. मैदान निघालं होतं, लेखी निघाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. बाबा शेवटच्या महिन्यात दुसरं काही बोललेच नव्हते. मी एकटीच एसटीने गेले असते तर बरं झालं असतं, पण हे शहाणपण नंतरचं.

फाट्यावर नाकाबंदी होती. मांडवाखाली खुर्च्या, एक कॅमेरावाला, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला तेच प्रश्न: रोकड, दारू, हत्यार. हवालदाराने साडीच्या गाठोड्यावर काठी टेकवली.

"काय हाये त्यात?"

भावाने नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण याने चोरीही केली नव्हती.

"बंदूक आहे," मी म्हणाले.

हवालदार दोन पावलं मागे सरकला. मग खुर्चीतले फौजदार साहेब उठून आले. साडी सोडली, बंदूक मधोमध उघडून नळीतून उजेड बघितला. रिकामी होती. "लायसन?"

मी पिशवी उलटीपालटी केली. नोटीस होती, बाबांचं आधार कार्ड होतं, दवाखान्याचा कागद होता. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, पुस्तक फोटोवाल्याकडं राह्यलं."

"बंदुकीचं लायसन फोटोवाल्याकडं?" हवालदार हसला. मला राग आला नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते.

भावाने फोन लावला. फोटोवाला भला माणूस, त्याने लगेच पाठवलं. पण पाठवली ती श्रद्धांजलीची फ्रेम, दोन बाजूंना फुलं आणि कोपऱ्यात मेणबत्ती. साहेब मोबाईल हातात धरून बाबांकडे बघत राहिले. कॅमेरावाल्याने तेही टिपलं. पुन्हा फोन केल्यावर पुस्तकाचं पान आलं. त्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळला. मला वाटलं, सुटलो.

"नंबर जुळतो," साहेब म्हणाले, "पण हा परवाना मयताचा आहे. तुमच्या दोघांच्या नावावर काही नाही. बंदूक कुणाच्या ताब्यात होती? एकाचं नाव सांगा. गुन्हा दाखल करायचा की नाही ते ठाण्यात ठरेल."

गुन्हा दाखल झाला की पडताळणी संपली, भरती संपली. ते मला ठाऊक होतं आणि भावाला माझ्याहून जास्त. माझी शाळेतली नोकरी होती, तीही जाऊ शकत होती. पण तो हिशेब मी तिथे केलाच नाही.

"माझ्या," मी म्हणाले. "मी धरून बसले होते."

साहेब भावाकडे वळले. "आणि तू?"

"मी फक्त गाडी चालवून राह्यलो होतो, साहेब."

ठाण्यात माझा जबाब झाला. तिथला म्हातारा हवालदार समजूतदार निघाला. "पोरी, तो गेला त्याच दिवशी आणून द्यायची असते," एवढं म्हणून त्याने बंदूक आत नेली. पुढे जबाबासाठी मला नांदुऱ्याहून दोनदा यावं लागलं. गुन्हा दाखल झाला नाही. भावाची पडताळणी स्वच्छ गेली, तो पेढे घेऊन घरी आला आणि माझ्या पाया पडला. मी पेढा खाल्ला.

मला त्याच्यावर राग नाही. असं मी स्वतःला सांगते आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. तो जे बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याने "नाही साहेब, बंदूक माझ्याकडे होती" म्हणायला नुसतं तोंड उघडलं असतं, तर मी साहेबांसमोर त्याच्या थोबाडीत देऊन त्याला गप्प केलं असतं. पण मी वाट बघत होते. त्या मांडवाखाली उभी राहून, त्याने तोंड उघडावं याची मी वाट बघत होते.

नाकाबंदीच्या त्या दिवशी दुपारी आम्ही ठाण्यातून घरी आलो. आईने पाणी आणून दिलं, आणि तांब्या हातात घेतल्याबरोबर मी हुंदके देऊन रडायला लागले. आईने मला जवळ ओढलं, पाठीवर हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मला बाबांची आठवण आली. भाऊ दारात उभा होता. मी आईला तसंच वाटू दिलं.