वाणाच्या पिशव्या

एक गोधडी हातावेगळी झाली की दुसरी लगेच धरवत नाही. बोटं सुजतात, मान बंड करते. म्हणून मधल्या दिवसांत मी उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवते. दुपारी कापायला घेतली की दिवेलागणीच्या आत पिशवी तयार. गोधडीने दमवलेल्या बाईला एवढं सुख पुष्कळ.

ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला हे मीच शिकवलं. पाटणकर बाजारात नेऊन बंदांची पट्टी घेऊन दिली, अस्तर लावायला दाखवलं. शिवणात ती धांदरट, पण मला तिचं भारी कौतुक.

आई गेली तेव्हा तिच्या सुती साड्यांची मी गोधडी शिवली. सगळी हाताने, अख्खा हिवाळा खपून. ती माझ्याजवळच ठेवायची होती, पण ग्वाल्हेरची थंडी धाकटीला सोसत नाही. आईच्या उबेत निजेल बिचारी, म्हणून तिला देऊन टाकली.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं. वाण म्हणून ती बायकांना पिशव्या देत होती. माझ्याही हातात एक आली. मी हौसेने शिवण बघायला गेले आणि हातच थांबला. निळ्या चौकटीचं कापड, त्यावर जवळजवळ घातलेला धावदोरा. माझे टाके मी ओळखणार नाही? चाचपलं, तर आत साड्यांचे थर. तिने आईची गोधडी कापली होती.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"अगं ताई, पेटीत पडून खराब होऊन राहिली होती," ती तिळगुळाचा डबा भरत म्हणाली. "आजकल कोण गोधडी ओढतं? घरात दो-दो ब्लँकेट आहेत. और देख ना, किती मजबूत पिशव्या झाल्या!"

"मला परत द्यायचीस."

"तू काय केलं असतंस? तूही कापडच कापतेस ना?"

परक्याने केलं असतं तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. इथे सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला होता, आणि वर तिला तो कापल्याचा पत्ताही नव्हता. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

बाहेर बायका निघाल्या होत्या. दिलेलं वाण परत मागत नाहीत. मी दारात उभी राहिले आणि आईच्या साड्या एकेकीच्या हातातून जिना उतरताना बघत राहिले. एकीने तर जाताजाता पिशवीत कडेवरच्या पोराच्या चपलांची जोडी कोंबली.

शेवटी धाकटी आतून गोधडीच्या काठाची एक वीतभर पट्टी घेऊन आली.

"हा तुकडा बच गया," ती म्हणाली. "तुला लागतात ना चिंध्या?"

तो तिच्या तोंडावर फेकायला हवा होता. पण आईच्या साडीचा होता. मी घेतला.