हेब्बाळचा वेढा आणि त्रेचाळीस तांबे

माझी तेवीस वर्षांची नोकरी इंजिनिअर पलटणीत झाली. त्यातली बरीचशी बर्फात आणि वाळूत गेली, पण लोक लढाईचं विचारतात तेव्हा मी हेब्बाळचं सांगतो. हेब्बाळ तेव्हा बंगळूरच्या उत्तरेला तळ्याकाठचं खेडं होतं, आमच्या बराकींच्या लायनीपासून चार मैलांवर. चिकपेठेमागचं माझं घरही सायकलीच्या अंतरावर. माझा हुद्दा नायक, वय सव्वीस.

आमचे सुभेदार मुनुस्वामी उत्तर अर्काटचे, तमिळ. बुटके, काळेसावळे, मिशी टोकदार. त्यांचा एकच धर्म होता. कॅम्प कुठंही पडो, पहिली कुदळ संडासाच्या चरासाठी. "तंबू नहीं, तो भी जवान सोता है," ते म्हणायचे. "टट्टी नहीं, तो कॅम्प मरता है." मागून आम्ही त्यांना टट्टीसाब म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

एका गुरुवारी दुपारी दोन वाजता हुकूम आला. एक सेक्शन, कुदळ-फावडी आणि भिंत पाडण्यापुरती दारू घेऊन हेब्बाळला जायचं. तिथं एका मठाला पोलिसांचा वेढा होता. उद्या सकाळी दहाला मठाच्या भिंतीला भगदाड पाडून पोलिसांना वाट करून द्यायची. मठाचं नाव मी दोनदा विचारून घेतलं. माझी थोरली बहीण त्या मठात होती.

मठ मौनीअप्पाचा. नावाप्रमाणे मौन तिथं फार कडक होतं, पण ते शिष्यांनी पाळायचं. स्वतः अप्पा पहाटेपासून अखंड बोलत असे. जो बोलला त्याच्या पाठीत खडाव. जो रडला त्यालाही खडाव आणि दोन दिवस उपास. नवरा वारल्यावर अक्का तिथं दर्शनाला म्हणून गेली आणि राहिलीच. दोन वर्षं झाली होती. घरच्यांनी लोकांना सांगितलं होतं की ती काशीला गेली आहे. दोन वर्षं काशीत काय करते, असं कुणी विचारलं की आई घाईनं कॉफी टाकायची.

आम्ही साडेतीनला पोचलो. इन्स्पेक्टरसाहेबांनी माहिती दिली. एक पोरगी मोडलेला हात घेऊन पळून आली, तिच्या बापानं फिर्याद दिली, वॉरंट घेऊन गेलेल्या हवालदारांवर दगड आले. आता फाटक बंद होऊन तीन दिवस झाले होते. आत त्रेचाळीस शिष्य. अप्पानं सभामंडपात घासलेटचे डबे रचले होते आणि तो भिंतीवरून ओरडला होता, "आत पाऊल टाकाल तर सगळे जळून मोक्षाला जाऊ!"

"धमकी आहे नुसती," इन्स्पेक्टर म्हणाले. "भिंत पडली की दोन मिनिटांत आत."

मी सुभेदारसाहेबांना बाजूला घेतलं. "साब, मेरी बहन अंदर है."

"लायन में क्यों नहीं बोला?"

"शरम, साब."

साहेबांनी काठी काखेत मारली. मग म्हणाले, "चलो, दीवार देखेंगे."

आम्ही भिंतीला फेरी मारली. भगदाड कुठं पाडायचं ते मी बघत होतो. साहेब वास घेत होते. मागच्या बाजूला एक लहान दार होतं आणि तिथून तळ्याकडे पायवाट जात होती. ते इन्स्पेक्टरांकडे परतले.

"साब, ये लोग टट्टी किधर जाते हैं?"

इन्स्पेक्टरांना वाटलं, चेष्टा चालली आहे. मग त्यांनी सांगितलं. पूर्वी सगळे पहाटे तांब्या घेऊन तळ्याकडे जात. वेढा पडल्यापासून ती वाट बंद केली. आता आतच, गोठ्यामागं.

"तीन दिन? तैंतालीस आदमी?" साहेबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी झेंडा उलटा लावला होता. "नायक, पहले टट्टी. दीवार बाद में."

"अहो, तुम्हाला भिंत पाडायला बोलावलंय!"

"दीवार टेन हंड्रेड अवर्स, साब. अभी सोलह सौ बजे हैं."

मागच्या दारापासून पन्नास पावलांवर, वास मठाकडे जाणार नाही अशा अंगाला, आम्ही दोन चर खणले. डावीकडे बायकांचा, उजवीकडे पुरुषांचा. भोवती गोणपाट. बाहेर हात धुवायला पाण्याचं पिंप आणि राख. त्यापलीकडे आमच्या लांगरीनं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाक्यानं, कॉफीचा हंडा मांडायची जागा धरली. अंधार पडायच्या आत काम संपलं.

मग साहेबांनी पत्र्याचा भोंगा माझ्या हातात दिला. सांगायचं काय ते त्यांनी घोटून घेतलं होतं. मी कानडीत ओरडलो, "उद्या पहाटेपासून मागं सोय आहे! ज्याच्या हातात तांब्या, त्याला कुणी अडवणार नाही, पकडणार नाही, काही विचारणार नाही. परत आत जायचं असेल, जा!"

शेवटच्या वाक्याला इन्स्पेक्टर उसळले. "परत कसे जाऊ देता? बाहेर आला की उचलायचा!"

"एक को उठाएगा, तो बयालीस अंदर बैठेगा, साब," सुभेदारसाहेब म्हणाले. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग "दहापर्यंत" म्हणाले. माणूस चांगला होता, फक्त घाईत होता.

पहाटे पाचला साहेबांनी शेवटचा हुकूम दिला. मागच्या बाजूचे सगळे जवान आणि पोलीस, पीछे मूड! मठाकडे पाठ, तळ्याकडे तोंड. बायका यायच्या होत्या. वेढा घालणाऱ्यांनीच पाठ फिरवलेला वेढा मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

पाच वीसला दार करकरलं. एका म्हाताऱ्याची पावलं गेली, परत आली, आत गेली. कुणी हललं नाही. मग तिघं आले. तिघंही परत गेले. इन्स्पेक्टरांनी करकरा दात खाल्ल्याचं मला ऐकू आलं. मग सहा आले. त्यांतला एक हात धुऊन कॉफीपाशी रेंगाळला. लांगरीनं न बोलता पेला पुढं केला. तो प्याला आणि तिथंच बसला. साडेसातपर्यंत कॉफीच्या हंड्याभोवती चौदा माणसं बसली होती आणि समोर चौदा तांबे ओळीत होते. त्यांना पळून आल्यासारखं वाटत नव्हतं. ती फक्त अजून परत गेली नव्हती.

अक्का आली नव्हती. मी भिंतीकडे पाठ करून उभा होतो आणि भगदाडाच्या वेळेची मिनिटं मोजत होतो. मला इतकी भीती पुढं गोळीबारातही वाटली नाही.

आठला अप्पानं शिरगणती केली आणि त्याला फसगत कळली. त्यानं मग जन्मातली मोठी चूक केली. सगळ्यांचे तांबे गोळा करून आपल्या खोलीत कुलपात घातले. लोकांनी खडाव खाल्ली होती, उपास काढले होते, पोरंबाळं सोडली होती. त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. तांब्याला मात्र कुणी हात घालू नये.

भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला. चिरका, गंज चढलेला.

"माझा तांब्या दे! दे म्हणते ना! नाहीतर स्वल्प बाजूला हो, मेल्या!"

दोन वर्षांत अक्काचे ते पहिले शब्द होते. मी उभ्या जागी रडलो. पाठ असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

मग आत एकच गिल्ला झाला. मागचं दार धाडकन उघडलं आणि माणसं बाहेर लोटली. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात कळशी, एकाच्या हातात तर नैवेद्याची वाटी. पावलं माझ्यापाशी थांबली.

"वसंता? तू रे इथं कसा?"

पीछे मूडचा हुकूम होता. मी वळलो नाही. "अक्का, आधी जाऊन ये."

ती शेजारून गेली तेव्हा मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिच्या हातात अप्पाचा चांदीचा कमंडलू होता. पुढं सुभेदारसाहेब तळ्याकडे बघत ताठ उभे होते. ते मान न वळवता म्हणाले, "अम्मा, हाथ धोने का पानी उधर है."

साडेनऊला इन्स्पेक्टर दोन हवालदारांना घेऊन उघड्या दारानं आत गेले. भिंत जशीच्या तशी होती. मंडपात अप्पा आणि त्याचे चार दांडगे. अप्पा स्वतः बाहेरच्या सोयीला आला नव्हता आणि गोठ्यामागं जाणं त्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं. त्यानं इन्स्पेक्टरांपुढं नुसती करंगळी वर केली. मौनीअप्पानं मौन पाळल्याचा तो एकच प्रसंग. डब्यांत मात्र खरंच घासलेट होतं, सगळ्याच. आम्ही भिंत उडवली असती तर काय झालं असतं ते मी पुष्कळदा मनात आणतो आणि सोडून देतो.

सुभेदारसाहेबांनी रिपोर्ट सांगितला, मी लिहिला. "लॅट्रिन दोन. वापरणारे एकोणचाळीस. दारू खर्च निल."

अक्का घरी आली. चिकपेठेत आम्ही सांगितलं, काशीहून परतली. कमंडलू पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेला, याचा तिला राग होता. सुभेदारसाहेबांना घरी जेवायला आणायचं आमचं ठरत राहिलं. आज जाऊ, उद्या जाऊ असं करता करता त्यांची कंपनी हलली.

बासष्टच्या लढाईत ते चीनच्या सरहद्दीवर, नेफात, कामी आले. मागं येणाऱ्यांसाठी पूल शेवटपर्यंत धरून ठेवला आणि मग सुरुंग लावायला स्वतः राहिले. मला पत्रानं कळलं. सुट्टीवर घरी आलो तेव्हा मी अक्काला सांगितलं. ती हातातलं काम टाकून उठली. न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच कोपऱ्यात वेगळी बसली.

आई म्हणाली, "अगं, तो कोण आपला? ना नात्याचा, ना भाषेचा. तू त्याचं तोंड तरी पाहिलं होतंस का?"

"नाही. पाठ पाहिली," अक्का म्हणाली. "तीन दिवस मला कुणी शिवू नका. कळलं, सरी?"

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवस असतं. ते तिनं पुरते तीन दिवस पाळलं. मी तिचा सख्खा भाऊ, हातीपायी धड, त्याच घरात बसून जेवत होतो.