सफेदा

खोबरेल तेलात कालवलेल्या सफेद्याचा वास काल घरात आला आणि मी मनाने कट्टा गावाजवळच्या आमच्या शाळेच्या मागच्या पडवीत जाऊन बसलो. पाचवीचं गॅदरिंग होतं. नाटक किल्ल्याचं, मावळ्याची सगळी वाक्यं मला पाठ. पण गुरुजी म्हणाले, "जोसेफ, फिरंगी तूच कर. तुला वेगळं शिकवायला नको."

विष्णू गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, तो मावळा झाला. मी उन्हात गुरं राखून काळा ठिक्कर. माझ्या तोंडावर सफेद्याचे दोन थर चढवले, तेव्हा कुठे मी फिरंगी दिसायला लागलो. हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. विष्णूने तलवार खुपसली, मी पडलो, टाळ्या पडल्या.

नंतर आई पदराने माझं तोंड खसाखसा पुसत होती. "तू खंयचो रे फिरंगी? सकाळी बैलांक पाणी पाजून इलंस मां?" मला वाटलं, ती सफेद्यावर चिडलीय.

गुरुजींचा मी लाडका होतो. आज तेच जास्त झोंबतं. पिढ्यान्‌पिढ्या इथली जमीन नांगरली, तरी ख्रिस्ती नाव ऐकलं की आम्ही समुद्रापलीकडून आलेले.

काल तो सफेदा माझी मुलगी कालवत होती. "पप्पा, गॅदरिंगात माका मडमेचा काम दिल्यानी. बाई म्हणतत, तुका बरा शोभतला."

मी तिच्या हातातली वाटी घेतली, तिला चपला घालायला सांगितल्या आणि दोघं बाईंच्या घरी निघालो.