शिवणताईचा बाद झालेला नमुना

शिवणताई हॉस्पिटलच्या तळघरात बसायची. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. मी दुसऱ्या मजल्यावर, रक्त काढायला. "आपण दोघीही सुयांवर पोट भरतो," ती म्हणायची, "फक्त माझं गिऱ्हाईक ओरडत नाही." तोंड असं, की मुकादमसुद्धा तिच्या वाटेला जायचा नाही.

तिला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायचं सोडून विळ्यासारख्या वाकायच्या, बारीक वाहिन्यांत अडकायच्या, आणि मग हाडं आतून कुणी पिळून काढतंय अशा कळा. थोरला भाऊ याच दुखण्यानं एकोणिसाव्या वर्षी गेला. तेव्हाच डॉक्टरांनी आईला सांगून टाकलं होतं, मुलगीही पंचविशी बघायची नाही. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. "मी आहे, ते डॉक्टरच वर गेले," हे ती इतकं चवीनं सांगायची की मी मुद्दाम तो विषय काढायचे.

कळा उठल्या तरी ओपीडीत जाणं तिनं सोडलं होतं. तिथं एका शिकाऊ डॉक्टरनं तिच्या तोंडावर म्हटलं होतं, "बाईंना इंजेक्शनची चटक लागलीय." ज्याच्या कोटाचा उसवलेला खिसा तिनं आठवड्यापूर्वी शिवून दिला होता, त्यानं. मेल्याला लाज कशी ती नाही. तेव्हापासून ती दातांत कापडाची घडी धरून मशीनवर बसून राहायची. पण आता वेगळंच सुरू झालं होतं. पांढऱ्या चादरीवर तिला काळे दोरे दिसायचे. चिमटीत पकडायला जायची, तर दोरा नसायचाच. घरी म्हातारी आई, मिळवणारी ही एकटी आणि काम सगळं डोळ्यांचं. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच बघितली.

त्याच सुमारास आमच्याकडे सिकलसेलच्या लोकांचा अभ्यास सुरू झाला. रक्तवाहिनीच्या आतल्या पातळ थराला इजा झाली की काही द्रव्यं रक्तात उतरतात. दर तीन महिन्यांनी रक्त घेऊन ती मोजायची. मी ताईला हे समजावायला लागले तर म्हणाली, "म्हणजे अस्तर कुठं विरलंय ते बघणार. सरळ सांग की." अभ्यास चालवणाऱ्या मॅडम नाव घालताना प्रत्येकाला एकदा स्वतः तपासायच्या. वर्षाच्या शेवटी डोळ्याच्या पडद्याचा फोटो निघणार होता, आणि मध्येच कुणाचा आकडा दुप्पट झाला तर त्याचा फोटो त्याच आठवड्यात. एरवी त्या फोटोला दीड वर्षाची रांग. ताईनं नाव घातलं ते त्या फोटोसाठी.

अट एकच होती. रक्त देण्याआधी महिनाभर कळांचा झटका आलेला नसावा. झटक्यानं आकडे चढतात, तुलना बिघडते, म्हणून झटका आलेल्याचं नाव कमी. कागदावर मोठी शहाणपणाची अट. पण महिनाभर न दुखणारी इतकी माणसं आणायची कुठून, हे अट लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. मग सगळेच खोटं बोलायचे. बाकावर बसल्या बसल्या जुने नव्यांना पढवायचे, "काही नाही म्हणायचं. झोप छान लागते म्हणायचं." फॉर्म मी भरायचे. समोरच्याचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसत असले, तरी झटक्याच्या रकान्यात मी 'नाही' लिहायचे. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतेय.

तिसऱ्या वेळी ताई जिना चढून आली ती भिंत धरून. नऊ दिवसांपूर्वी झटका येऊन गेला होता, दोन दिवस ती घरी फरशीवर पडून होती.

"लिही नाही म्हणून," ती म्हणाली.

"अगं, हात उचलत नाहीये तुझा."

"हात तुला कशाला हवाय? रक्त हवंय ना? मग घे, आणि लिही."

मी 'नाही' लिहिलं.

चार दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. ताईचा आकडा तिप्पट झाला होता. मॅडम रिपोर्ट आणि मी भरलेला फॉर्म शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. "या बाईंना झटका आला असता तर मला काळजी वाटली असती. अभ्यास गेला उडत, आज दुपारीच डोळे बघायला पाठवलं असतं. पण तुम्ही तर लिहिलंय, झटका नाही. मग हा आकडा येईल कसा? नमुना नीट ठेवला होता ना? तसं असेल तर बाईंना बोलावून झटक्याचं पुन्हा विचारते."

माझी नोकरी कंत्राटी. या एका 'नाही'च्या मागून बाकीच्यांचे सगळे 'नाही' उकरले गेले असते. हे सगळं डोक्यात यायला क्षणभरच लागला. मी म्हणाले, "नळी बर्फाबाहेर राहिली मॅडम. अर्धा तास टेबलावरच होती."

मॅडम चिडल्या, दोन शब्द बोलल्या, आणि नमुन्यासमोर 'बाद' लिहून मोकळ्या झाल्या. पुढचं रक्त तीन महिन्यांनी. ताईलाही मी तेच सांगितलं, माझ्या हातून बिघडला. "धांदरट कुठली," म्हणाली आणि हसली.

सहाव्या आठवड्यात, भर सकाळी, मशीनवर बसल्या बसल्या तिच्या उजव्या डोळ्यापुढं लाल धूर पसरला. आतल्या नाजूक वाहिन्या फुटल्या होत्या, पडदा सुटला होता. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर आधी आल्या असत्या तर लेझरनं भागलं असतं. उजवा डोळा गेला. डाव्याला जमेल तेवढे उपचार चाललेत.

मशीन आता दुसरीकडे गेलंय. ताई कोपऱ्यातल्या टेबलावर पट्ट्यांच्या घड्या घालते. परवा मी खाली गेले, तर तिनं आपल्या कपातला अर्धा चहा झाकणात ओतून माझ्यापुढं सरकवला. मी एक घोट घेऊन झाकण खाली ठेवलं. तिनं डावा डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"त्या नळीचं अजून मनाला लावून घेतलंयस होय? अगं, माझ्या हातून किती ताग्यांची वाट लागलीय. काम करणाऱ्याच्याच हातून चुकतं. उगाच जीव जाळू नकोस."

नळी मी काढल्या काढल्या बर्फात ठेवली होती, नेहमीसारखी. ते सांगायला मी तोंड उघडलं.

"साखर कमी पडलीय गं," मी म्हणाले.