कागद कुठून यायचा

चष्मेवाला माणूस तसा सरळ. दिवसभर दुकानातल्या स्टुलावर बसून लोकांच्या चष्म्यांच्या दांड्या बसवायचा, सैल झालेले स्क्रू पिळायचा, आणि गिऱ्हाइकानं कितीही डोकं खाल्लं तरी आवाज चढवायचा नाही. पण त्याला एक खूळ होतं, आणि खूळ लागलं की सरळ माणूससुद्धा वाकड्या गल्ल्यांनी चालायला लागतो. त्याला आतषबाजीचा नाद होता. बघायचा नव्हे, करायचा! गावाबाहेरच्या माळावर अशा नादिष्टांचा एक क्लब होता, सगळे परवाने काढून रीतसर चालवलेला. वर्षातून एका संध्याकाळी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं केलेला शोभेच्या दारूचा एक गोळा आकाशात सोडायचा, एवढ्यासाठी ही मोठी माणसं वर्षभर झुरायची.

त्यांची एक रीत मात्र अजब होती. गोळा कसा बांधला, सोनेरी रंग कसा साधला, हे विचारलंत तर बसवून, चहा पाजून सांगतील. पण सामान कुठून आणलं, हे विचारायचं नाही. चिवट दोरा, जाड कागद, नीट वाळलेला वेत, या वस्तू आता शोधूनही मिळत नाहीत. ज्याला मिळतात तो सख्ख्या मित्रालाही ताकास तूर लागू देत नाही. इतकंच काय, विकणाऱ्यालाही विचारायचं नाही की बाबा रे, तू हे आणतोस कुठून. विचारलं की माल यायचा बंद होतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आता याला काय म्हणावं?

चष्मेवाल्याचं असं गुपित ठिकाण होतं बाजारातल्या एका बुकबाइंडरचं दुकान. म्हणजे कागद तिथून यायचा. गोळ्याचं सगळं काही त्याच्या कवचावर असतं; कागद लेचापेचा निघाला तर गोळा वर जाण्याआधी, अगदी माणसाच्या उंचीवर फुटतो. बाइंडरकडचा कागद तपकिरी, खरबरीत, ओला करून ओढला तरी न फाटणारा. गावातल्या जुन्या कागदाच्या गिरणीत निघायचा तसा हुबेहूब. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती, तरी दरवर्षी ताव यायचेच. कुठंतरी जुना साठा पडला असेल, असं म्हणून चष्मेवाला खूश. क्लबात छाती काढून सांगायचा, "नाक लागतं, नाक! माल कुठं आहे हे मला वासानं कळतं."

कुणी मागावर राहू नये म्हणून हा शहाणा बाजाराला वळसा घालून जायचा आणि येताना हातात दिसावी म्हणून तिथूनच एक शाळेची वही विकत घ्यायचा. त्याची बायको एकदा कपाट आवरताना म्हणाली, "अहो, एवढ्या वह्या साठवून लिहिणार काय आहात? आत्मचरित्र?"

"असू दे. लागतात."

"लागतात म्हणे! नातवंडं शाळेत जायची अजून जन्माला यायचीत."

या नादापायी त्याचं एक माणूस मात्र तुटलं होतं. त्याचा थोरला भाऊ, दादा. तो त्याच गिरणीत कागदाच्या यंत्रावर होता, सगळं आयुष्य लगद्यात हात घालून काढलेलं. गिरणी बंद पडली त्याच सुमारास दादा एकदा घरी आला, टेबलावर बांधायला घेतलेला गोळा त्यानं बघितला आणि भडकला. "घरात बायको आहे, पोर आहे, आणि तू आगीशी खेळतोस? हे सोड, नाहीतर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." धाकटाही त्याच आईचा! त्यानं पाऊल टाकलं नाही. दोघं एकाच गावात, मध्ये फक्त पूल, आणि लग्नकार्यात समोरासमोर आले तरी एक इकडे बघणार, एक तिकडे. चष्मेवाल्याला वाईट वाटायचं. फार वाटायचं. पण आधी बोलायचं कुणी, यावर गाडी अडली ती अडलीच.

यंदा कागद आला नाही.

आणि यंदा तो हवाच होता. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्याचा गोळा चुकला होता, आणि क्लबाचा नियम कडक: लागोपाठ दोन वर्षं गोळा नाही, तर तुमची जागा दुसऱ्याला. जागेसाठी लोक टपूनच बसलेले. या वयात पुन्हा नंबर लावायचा म्हणजे नाद संपलाच म्हणायचा.

त्यानं जिवाचा आटापिटा केला. हार्डवेअरवाल्याकडचा कागद आणला, तो ओला करताच लापशी. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणून घरभर धूळ केली आणि बायकोची बोलणी खाल्ली. पाकिटांच्या कारखान्यातल्या वॉचमनला दोनदा चहा पाजला. त्यानं अगदी गुपचूप एक गठ्ठा काढून दिला, तो निघाला गुळगुळीत, गुलाबी. "लग्नपत्रिका छापा यावर," बायको म्हणाली. एकदा वाटलं, चालवून घ्यावं, कुणाला काय कळतंय? पण मग तो कागद त्यानं दोन बोटांत धरून ओढला आणि तो टर्रकन फाटला. त्यानं गठ्ठा मुकाट्यानं बाजूला ठेवला. खूळ होतं, पण अक्कल गहाण पडली नव्हती.

शेवटी तो बाइंडरकडे गेला, सरळ रस्त्यानं गेला, आणि जे विचारायचं नाही ते त्यानं विचारलं.

"हा कागद तुम्ही आणता कुठून?"

बाइंडरनं हातातला ब्रश खळीच्या डब्यात ठेवला. "बरं झालं बाबा, विचारलंत एकदाचं. मला वाटलं होतं, पहिल्याच वर्षी विचाराल. इतकी वर्षं मी तोंड दाबून बसलोय."

"म्हणजे?"

"मी कुठून आणणार? तुमचे दादा आणून देतात. घरी करतात. माझं नाव घेऊ नकोस म्हणाले. यंदा खांदा निखळलाय त्यांचा, हात गळ्यात बांधलाय. म्हणून नाही आला."

चष्मेवाला दुकानातून बाहेर पडला तेव्हा वही घ्यायचं विसरला. पूल कधी ओलांडला हेही त्याला कळलं नाही.

वहिनींनी दार उघडलं. "भावजी!" एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत वळल्या. मागच्या अंगणात त्यानं बघितलं तर एक जुना बाथटब, त्यात भिजत घातलेले सुतळीचे तुकडे आणि चिंध्या, भिंतीला टेकवलेली जाळीची चौकट, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेला एकच ताव. तोही अर्धाकच्चा. दादा खुर्चीत बसला होता, डावा हात झोळीत.

"कशाला आलास?"

"दादा, हे तू..."

"चौकट उचल," दादा म्हणाला. "आलाच आहेस तर. तिला जमत नाही, तिची कंबर दुखते."

चष्मेवाल्यानं बाह्या सारल्या, चौकट लगद्यात बुडवली आणि वर काढली. सगळा लगदा एका कोपऱ्यात.

"अरे गाढवा, चाळणी आहे का ती? आडवी धर. हलव आता. हळू! तुझ्या त्या चष्म्याच्या काचा पुसतोस ना, तसं."

दुसरा ताव फाटला. तिसऱ्याला भोक पडलं. दादा बसल्या जागेवरून ओरडत राहिला आणि धाकटा निमूट ऐकत राहिला. इतक्या वर्षांत कुणी त्याला गाढव म्हटलं नव्हतं. ऐकून त्याचे डोळे भरून आले. चौथा ताव नीट निघाला, तेव्हा वहिनींनी तो अलगद फडक्यावर घेतला.

"तुला हा नाद आवडत नाही," चष्मेवाला म्हणाला, दादाकडे न बघता. "मग कागद का देत होतास?"

"तू सोडणार आहेस का? नाहीस. मग निदान कवच तरी फुटू नये." दादानं झोळी सारखी केली. "बाजारातला कचरा वापरून बांधला असतास तू. ओळखतो मी तुला."

"एकदा तरी बघायला यायचं होतंस, दादा. गोळा फार सुंदर फुटतो."

"मी येतो की दरवर्षी. कुंपणापाशी उभा असतो."

चष्मेवाल्यानं हातातली चौकट खाली ठेवली. "मग सोनेरी बघितलास? गेल्याच्या गेल्या वर्षी केला होता तो?"

"नाही."

"अरे, डोक्यावर तर फुटला!"

"मी वर बघत नाही," दादा म्हणाला. "तू वात पेटवून पळतोस ना, तिथं बघत असतो. धुरातून बाहेर आलास, दोन्ही हात दिसले, की घरी येतो."