दसऱ्याची डबल शॉकर

माझ्या दादाची ओळख नाही असा दुकानदार अख्ख्या विरारमध्ये सापडायचा नाही. रंगवाला ओळखीचा, पत्रेवाला ओळखीचा, घड्याळवाला तर म्हणे भावासारखा. आणि या ओळखींतून आमच्या घरात जे जे आलं ते गळकं, फुटकं नाहीतर वाकडं. पंखा आणला तो वारा सोडून नुसता आवाज द्यायचा. तरी पुढच्या वेळी स्वारी परत ओळखीच्याकडेच. मी हसून सोडून देत होते, कारण त्यातलं काहीच माझं नव्हतं. सायकल माझी होती. त्या सायकलीवरून मी दादावर जी चिडले ती आजही पुरती शांत झालेली नाही, आणि व्हावी असं मला वाटतही नाही.

आम्ही अर्नाळ्याचे. दादा बोटीवर, आई विरारच्या बाजारात मासळी विकायची आणि मी विरारलाच एका बिल्डरच्या ऑफिसात दिवसभर फ्लॅटवाल्यांची पत्रं टाइप करायची. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. जीव नुसता आंबून जायचा. वसईतले एक निवृत्त मास्तर चिंचोटीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी शाळांची शिबिरं घ्यायचे. पोरांना सायकलवरून रानातल्या पायवाटांनी फिरवायचं, ओढे ओलांडायचे, झाडं दाखवायची. मैत्रिणीबरोबर मी एका रविवारी सहज गेले आणि त्यांचीच सायकल घेऊन दगडधोंड्यांतून अशी काही हाणली की मास्तर बघतच राहिले. दिवाळीनंतर मुलींच्या शाळा यायच्या होत्या, त्यांच्यासाठी त्यांना बाई हवी होती.

"येशील का? पगारी काम आहे," मास्तर म्हणाले. "पण सायकल स्वतःची पाहिजे. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी ओढ्यावरचा चढ पाय न टेकता चढून दाखवायचा."

येशील का म्हणजे काय! हे काम मिळालं की त्या ऑफिसचं तोंड परत बघायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

सायकल कशी निवडायची तेही मास्तरांनीच शिकवलं. शॉक, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, पुढच्या चाकालाच हवी, मागे नको. कमी पैशात दोन्हीकडे शॉक देणारा बाकी सगळीकडे हात मारतो. फ्रेम जडशीळ देतो, रिम लोखंडी देतो, आणि ती रिम भिजली की ब्रेक धरत नाही. मागची बाजू साधी ठेवली तर त्याच पैशात फ्रेम हलकी मिळते आणि गिअर धड मिळतात. मला हे लगेच पटलं, कारण मी मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी आहे. बाजारात काही जणी कोळंबीचा वाटा लावताना टपोरी वर मांडतात आणि मऊ पडलेली खाली ढकलतात. आई स्वतः काही घ्यायला गेली की आधी वाटा उलटा करते.

वसईच्या एका दुकानात मी तीन शनिवार घातले. दुकानदार मला टोपलीवाली लेडीज सायकल दाखवायचा आणि मी शेवटच्या रांगेतल्या करड्या सायकलीकडे जायचे. अगदी मेलेला रंग, एक स्टिकर धड नाही, कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी ती एका हाताने उचलली, उचलली गेली. दांडीवरून पाय टाकून उभी राहिले तर चार बोटं जागा उरली, म्हणजे उंची माझ्या मापाची. पुढचा शॉक दाबला, तो खाली गेला आणि झटकन वर आला. "दसऱ्याला नेते, कुणाला देऊ नका," असं बजावून मी घरी आले.

आणि नेमकी दसऱ्याला मी बाजूला बसले. आमच्याकडे त्या चार दिवसांत नव्या वाहनाला शिवायचं नाही, दुकानातसुद्धा नाही. होडी असो नाहीतर सायकल. मी म्हटलं, दोन दिवसांनी आणू. दादा म्हणाला, दसऱ्याचा मुहूर्त कोण सोडतं, मी आणतो. मी पैसे दिले. दुकान, रंग, पुढे एकच शॉक, सगळं ठळक अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिलं. माझी अक्कल तेवढी गहाण पडली होती.

दुपारी अंगणात फटाक्यासारखा नारळ फुटल्याचा आवाज आला. खिडकीतून बघते तर लालभडक सायकल. झेंडूचा हार, हँडलला लिंबू-मिरची, आणि सीटखाली मनगटाएवढी पिवळी स्प्रिंग.

"ही कुठली?" मी आतूनच ओरडले.

"डबल शॉकर!" दादाची छाती फुगली होती. "विरारलाच घेतली. आपला जाळीवाला आहे ना, त्याच्या भावाचं दुकान. तेवढ्याच पैशात मागचा शॉक फुकट! वर स्टँड आणि घंटी."

"चिठ्ठी वाचलीस?"

"अगं, एकच शॉक म्हणून लिहिलंस, मी दोन आणले. जास्त मिळालं तर रडतेस काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले. त्याला बोललेच, त्याच्या जाळीवाल्याला आणि त्याच्या खानदानालाही बोलले. शेजारच्या ओट्यावर बायका जमल्या. "आत्ताच्या आत्ता परत देऊन ये," मी म्हटलं. तेव्हा आईने फुटलेल्या नारळाची वाटी दाखवली.

"नारल फुटला बाय. देवाला दावलेली वस्तू परत देत नाय."

दादाने लगेच मान डोलावली. त्याला आयतं कोलीत मिळालं. आमच्याकडे नारळ फुटला की होडी घरची होते, मग ती गळो नाहीतर बुडो. आणि मी शिवायची नाही म्हणून खिडकीच्या आत, माझ्याच पैशांच्या सायकलीकडे बघत. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते. रडले नाही मात्र. दादासमोर रडायला मी काय वेडी आहे?

रविवारी तीच सायकल घेऊन गेले. दुसरी कुठली नेणार? सपाट रस्त्यावर ठीक होती, लोक वळून बघत होते. चिंचोटीची पायवाट सुरू झाली आणि हिचे रंग दिसायला लागले. पायडल मारलं की सीट खाली बसायची, सोडलं की वर. माझा अर्धा जोर ती स्प्रिंगच खात होती. फ्रेम इतकी उंच की थांबायचं म्हटलं तर एका बाजूला कलंडावं लागायचं. ओढ्यात रिम भिजली आणि ब्रेकने हात टेकले. चढाच्या मध्यावर सायकल जागच्या जागी उड्या मारत उभी राहिली, आणि माझा पाय टेकला. वर मास्तर, जागा बघायला आलेल्या एका शाळेच्या चार मुली आणि त्यांच्या बाई बघत होत्या.

"ही कुणी निवडली?" मास्तरांनी विचारलं.

"भावाने."

"चढायचं तुला होतं ना?" ते म्हणाले. "भाऊबीजेनंतरच्या रविवारी परत ये. पण हिच्यावर नको. नाही जमलं तर मी दुसरी बाई बघतो."

परत येताना ते धूड मी ओढ्यातून खांद्यावर आणलं. पायवाटभर दादाला शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, रानात ऐकायला कोण होतं? पण मास्तरांचं वाक्य त्याहून जास्त लागलं, कारण ते खरं होतं. चिठ्ठी लिहून निवड दुसऱ्याच्या हातात मीच दिली होती.

घरी न जाता थेट विरारच्या बाजारात आईच्या पाटीसमोर सायकल उभी केली. "तू मासा कसा बघतेस?" मी विचारलं. "मग ही बघ."

आई हात पुसून उठली आणि सीटवर तळवा ठेवून सगळा भार टाकला. सीट खाली गेली. हात काढला, तर तिथेच राहिली. चार दिवसांची नवी सायकल! मग करकर करत जरा वर आली, पण पुरती नाही. माशाला बोट दाबल्यावर खड्डा राहिला तर आई तो मासा फुकटसुद्धा घेत नाही.

"मऊ हाय गं," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "ईकून टाक."

"आणि नारळ?"

"देवाला मी समजावीन. तुझ्या भावाला कोन समजावनार?"

आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांच्या मुलाला ती विकली. चढावर चालत नाही, ब्रेक भिजले की धरत नाहीत, हे मी दोनदा सांगितलं. पण त्याला चढ नकोच होता, बिल्डिंगभोवती मिरवायचं होतं. तूट आली ती आईने पदराच्या गाठीतून भरली. वसईला गेले तर करडी सायकल होती तिथेच, अंगावर नुसती धूळ. या वेळी मी कुणाला पाठवलं नाही. स्वतः घेतली, स्वतः घरापर्यंत चालवत आणली. आई नारळ घेऊन पुढे आली तेव्हा म्हटलं, "थांब. चढ चढल्याशिवाय नारळ नाही."

दादाने दहा दिवस त्या सायकलीला नावं ठेवली. "पैसे तेवढेच आणि मागे काहीच नाही!" भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

रविवारी चढले. जीभ बाहेर आली, मांड्या फाटल्या, पण पाय टेकला नाही. मास्तरांनी फक्त विचारलं, "सोमवारी किती वाजता येशील?"

दुपारी घरी पोचले तेव्हा आई नारळ घेऊन अंगणातच उभी होती. बाईमाणसाने नारळ फोडायचा नाही हे आमच्याकडे ठरलेलं, म्हणून दादा मोठ्या तोऱ्यात पुढे झाला आणि त्याने आईच्या हातातून नारळ घेतला. मी सायकल स्टँड नसल्यामुळे भिंतीला टेकवली, त्याच्या हातातून नारळ ओढून काढला आणि पायरीवर आपटला. नीट दोन भकलं झाली नाहीत. तीन तुकडे झाले आणि पाणी दादाच्या पायावर उडालं.

"आये, बघ ही काय करते!" दादा किंचाळला.

आई वाकली, तुकडे गोळा केले आणि आत नेऊन कालवणाला वाटायला घेतले. दादा त्या दुपारी जेवला नाही. मी दोनदा भात वाढून घेतला.